पीटीच्या बाईंचा ठराव

आमच्या शाळेत पीटीच्या बाई सगळ्या शिक्षकांना विषयाच्या नावाने हाक मारायच्या. "गणित, आज दाढी का नाही केलीस?" "चित्रकला, जिन्यात गप्पा नको, मुलं अडकतात." मी मराठी शिकवते, म्हणून मी 'मराठी'. मी नवीन लागले तेव्हा स्टाफरूमच्या दारात उभं राहून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मराठी, तू एकाच पायावर भार देऊन उभी राहतेस. चाळिशीत कंबर धरेल."

धरली.

शाळा मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बाई तिथे आमच्या सगळ्यांच्या आधीपासून होत्या. कॉटनची साडी, पदर घट्ट पिन केलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नाला जाताना साडी बदलायची, बूट तेच. त्यांच्या यजमानांना आम्ही काका म्हणायचो. काका भांडुपच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते, घरी स्वयंपाक तेच करायचे आणि बाईंचे बूट खडूने पांढरे करून खिडकीत वाळत ठेवायचे. रुमालाच्या गाठीत उकडलेल्या शेंगा बांधून देणारेही तेच. बाई त्या शेंगा मधल्या सुट्टीत उभ्यानेच खायच्या, टरफलं परत रुमालात.

त्यांचा एक शब्द अख्ख्या शाळेला पाठ होता. "पुन्हा." कवायतीत एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा. प्रार्थनेची रांग वाकडी झाली की पुन्हा. रागावणं नाही, समजावणं नाही, फक्त "पुन्हा". मुख्याध्यापकांनी एकदा स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात तारीख चुकीची म्हटली, तेव्हा मैदानाच्या टोकाकडून "पुन्हा" असं आलं आणि सरांनी निमूटपणे ते वाक्य पुन्हा म्हटलं.

मुलींची एनसीसी त्यांच्याकडे होती. वर्षातून एकदा त्या मुलींना फायरिंगच्या सरावाला न्यायच्या, आणि सोबत एक शिक्षिका लागते म्हणून एका वर्षी मी गेले. उघडं माळरान, समोर मातीचा उंच बांध, बांधाला टेकवलेली कागदी निशाणं. मुली पालथ्या पडून एकेक करून नेम धरत होत्या. एका मुलीचं संपलं, ती उठली आणि हातातल्या रायफलीसकट मागे वळून मैत्रिणीला हसत म्हणाली, "अगं, बघितलंस का?" तिच्या वळण्याबरोबर ती नळी आम्हा सगळ्यांवरून फिरली.

बाई ओरडल्या नाहीत. चालत गेल्या, तळहाताने नळी खाली जमिनीकडे दाबली आणि रायफल काढून घेतली. मुलगी म्हणत होती, "बाई, रिकामी आहे, बाई." बाईंनी ती उघडली. आत गोळी होती.

त्यांनी ती गोळी मुलीच्या हातावर ठेवली आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसल्या. रुमालाची गाठ सोडायला गेल्या, पण ती सुटेना. शेवटी मी सोडून दिली. शेंग तोंडात टाकून म्हणाल्या, "मराठी, लक्षात ठेव. रिकामी आहे असं सांगणाऱ्या माणसाला मी सगळ्यात जास्त घाबरते." पुढच्या वर्षी त्या पुन्हा मुलींना घेऊन गेल्या. सराव बंद केला नाही. फक्त त्यानंतर त्यांच्या मुली मैदानात साधी लाकडी काठी हातात असली तरी तिचं टोक खाली ठेवून चालायच्या.

त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच सुमारास पालिकेच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. तिथला नगरसेवक मंगेश. गल्लीत सगळे त्याला मंगेशदादा म्हणायचे. बाईंचा तो जुना विद्यार्थी, त्यामुळे बाईंसाठी मंग्या. अशा वेळी बायकोला उभं करायची पद्धत आहे, पण मंगेशची बायको बँकेत होती आणि तिने सरळ सांगितलं, "तुझा वॉर्ड तू सांभाळ, मी माझी नोकरी सोडणार नाही." मंगेशला बाई आठवल्या. अर्धा वॉर्ड त्यांच्या हाताखालून गेलेला, नाव स्वच्छ, वयाने मोठ्या. म्हणजे सह्या करतील आणि बाकीचं आपण बघू, असा त्याचा हिशोब.

बाई निवडून आल्या आणि मंगेशचा हिशोब पहिल्याच आठवड्यात चुकला. ऑफिसमध्ये तक्रारी घेऊन येणाऱ्या लोकांना त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. लोक वैतागले, तेव्हा "बरं, ज्याच्या घरात पाणी नाही तो पुढे" असा बदल केला. वाढदिवसाला पक्षाच्या पोरांनी चौकात त्यांचा फ्लेक्स लावला. बाई काकांची शिवणकामाची कात्री घेऊन गेल्या, स्टुलावर चढल्या आणि स्वतःचा चेहरा स्वतः कापून खाली उतरवला. नवीन डांबरलेल्या रस्त्यावर त्या कॅनव्हासच्या बुटाची टाच रुतवून बघायच्या. टाच आत गेली की कंत्राटदाराकडे वळून एकच शब्द.

"बाई, पुन्हा म्हणजे काय? बिल पास झालंय."

"मग बिलही पुन्हा."

त्या काळात त्यांची पत्रं, निवेदनं मी लिहून द्यायचे. शाळा सुटली की त्यांच्या ऑफिसात जायचं, काकांनी पाठवलेला चहा प्यायचा आणि त्या येरझाऱ्या घालत बोलतील ते उतरवून घ्यायचं.

आमच्याकडे पालिकेचं एक मोठं सभागृह आहे. सगळे त्याला हॉलच म्हणतात. शाळांची स्नेहसंमेलनं, पुष्पप्रदर्शन, आंबा महोत्सव, सामुदायिक विवाह, सगळं तिथेच. काही वर्षांपासून एक खासगी कंपनी तिथे थंडीच्या दिवसांत संरक्षण आणि सुरक्षा साहित्याचं प्रदर्शन भरवायची. पहिले दिवस व्यापाऱ्यांचे, शेवटचा दिवस सगळ्यांना खुला. त्या वर्षी उद्घाटनाला स्थानिक नगरसेविका म्हणून बाईंना बोलावलं. रिबीन कापून त्या लगेच दुसऱ्या कार्यक्रमाला गेल्या. आतलं त्यांनी पाहिलं ते शेवटच्या दिवशी, मला सोबत घेऊन.

गर्दी होती. ड्रोन होते, हेल्मेटं होती, गोळी अडवणारी जाकिटं होती, काचेच्या पेट्यांत बंदुका होत्या. बाई सगळं नीट बघत होत्या. जाकिटाचं वजन विचारलं, उचलूनही पाहिलं. "हे चांगलंय," म्हणाल्या. "आमच्या वेळी फौजेत, पोलिसात गेलेल्या पोरांना हे मिळालं नाही." एका स्टॉलवर बंदुकीची हुबेहूब प्रतिकृती ठेवली होती आणि ती हातात घेऊन फोटो काढायला पोरांची रांग लागली होती. एका मुलाने ती खांद्याला लावून आपल्या छोट्या बहिणीवर रोखली. ती घाबरून आईच्या ड्रेसमध्ये तोंड लपवायला लागली. बाप मोबाईल धरून सांगत होता, "अगं खोटी आहे, रडतेस काय? इकडे बघ ना!"

बाईंनी पुढे होऊन ती नळी खाली केली. बाप म्हणाला, "ओ मॅडम, फोटो चाललाय." बाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. मुलाला म्हणाल्या, "माणसावर रोखायची नाही. खोटी असली तरी." आणि पुढे चालायला लागल्या.

त्याच्या पुढचा स्टॉल होता छर्रे मारणाऱ्या बंदुकांचा. कोट घातलेला एक तरुण मुलगा माहिती सांगत होता. मुलगा चांगला होता, बोलायला गोड. बाईंनी विचारलं, "हे कशासाठी?"

"क्राउड कंट्रोल, मॅडम. जमाव पांगवायला. एका शॉटमध्ये पुढची रांग बसते खाली."

"जमाव म्हणजे कोण?"

तो हसला. "म्हणजे मोर्चे वगैरे, मॅडम. दंगेखोर लोक."

"गेल्या महिन्यात पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसवर मोर्चा काढला होता. पुढच्या रांगेत मी होते, ही होती. आम्ही त्यात येतो का?"

"तुम्ही नाही हो मॅडम," तो मनापासून म्हणाला, "तुम्ही तर व्हीआयपी."

बाहेर आल्यावर बाई हॉलच्या पायऱ्यांवर थांबल्या. समोर पुढच्या आठवड्यातल्या एका लग्नाच्या कमानीचे बांबू आणून टाकले होते. त्या म्हणाल्या, "मराठी, उद्या ऑफिसला ये. ठरावाची सूचना लिहायची आहे."

मी मसुदा लिहून नेला. त्यात मी शांततेच्या परंपरेबद्दल दोन चांगली वाक्यं घातली होती. बाईंनी ती वाचली आणि पेन मागितलं. "हे काढ. मी काही शांततावाली नाही. मी मुलांना पट्टीने मारलंय, मुलींना रायफल शिकवलीय. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?" शेवटी एकच वाक्य उरलं. लोकांच्या पैशाने बांधलेलं पालिकेचं सभागृह शस्त्रांच्या आणि जमावाविरुद्ध वापरायच्या साहित्याच्या विक्री-प्रदर्शनासाठी भाड्याने देऊ नये.

सूचना प्रभाग समितीकडे गेली आणि दोन दिवसांत मंगेश धापा टाकत बाईंच्या घरी आला. मी तिथेच होते. काका पोळ्या करत होते.

"बाई, वाट लागली. वरून फोन आला."

"वरून म्हणजे कुठून? आपल्या वर पाटकर राहतात."

"मस्करी नको ना, बाई. पक्षातून. देशाचा विषय आहे हा. आपली माणसं शस्त्रं बनवतायत, त्याचा अभिमान बाळगायचा सोडून तुम्ही बंदी मागताय? आणि रिबीन तुम्हीच कापलीत!"

"कापली. बघायच्या आधी कापली, ते चुकलं."

"उद्या पेपरवाले तुम्हाला देशद्रोही म्हणतील."

"मंग्या, परेडला ऊन लागतं म्हणून तू झाडाखाली बसायचास. तू मला देश शिकवू नकोस. पोळी खातोस?"

त्याने पोळी खाल्ली. खाऊन झाल्यावर हळू आवाजात म्हणाला, "पुढचं तिकीट जाईल, बाई." बाई म्हणाल्या, "मी मागितलं होतं का?"

मंगेशपेक्षा जड गेलं ते शेट्यांचं. शेटये त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. रोज सकाळी बाई आणि शेटये बरोबर फिरायला जायचे. बाई पुढे, शेटये धापा टाकत मागे. त्या प्रदर्शनाचे सगळे स्टॉल शेटयेच उभारायचे. वर्षातलं त्यांचं सगळ्यात मोठं काम तेच. पेपरात बातमी आली त्या सकाळी ते फिरायला आले नाहीत. संध्याकाळी जिन्यात भेटले.

"बाईनू, तुमचां बरोबर आसात," ते म्हणाले. "पण माझां काम गेलां त्याचां काय? लग्नाच्या मंडपार घर चालता, पण पोरांचां शिक्षण ह्या कामार चालता."

बाई एक पायरी उतरून त्यांच्या बरोबरीला आल्या. मग म्हणाल्या, "शेटये, दुसरं प्रदर्शन यावं म्हणून मी प्रयत्न करीन. पण ठराव मागे घेणार नाही."

"माका ठाऊक होतां," शेटये म्हणाले आणि खाली उतरून गेले. तेव्हापासून बाई एकट्याच फिरायला जायच्या.

समितीच्या सभेला मला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली. एरवी तिथे गटार आणि पार्किंग यावर जांभया देत चर्चा व्हायची. त्या दिवशी सगळे सदस्य वेळेवर आले होते आणि पत्रकारांना उभं राहायला जागा नव्हती. बाईंनी आपलं एक वाक्य वाचलं आणि बसल्या. मग एकेक जण उठला.

एक सदस्य म्हणाले, "सीमेवरचा जवान काय लाटणं घेऊन उभा राहणार?"

बाई बसूनच म्हणाल्या, "जवान आपल्या हॉलमध्ये खरेदीला येतो का?"

दुसरे म्हणाले, "आज बंदूक नको म्हणता, उद्या नाटकातली तलवारही नको म्हणाल."

"नाटकातली तलवार विकायला नसते."

एका सदस्याने हॉलच्या भाड्याचा मुद्दा काढला. एकाने मधला मार्ग सुचवला, की मुलांना प्रवेश देऊ नये, बाकी चालू द्यावं. बऱ्याच माना हलल्या. बाई उठल्या. "मुलांना दाखवायची लाज वाटते ना? मग ज्याची लाज वाटते ते आपण आपल्या हॉलमध्ये का ठेवायचं, एवढंच मला सांगा." माना हलायच्या थांबल्या.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून एका तरुण सदस्याने एक कागद वर धरला. आमच्या शाळेच्या जुन्या वार्षिक अंकातल्या फोटोची मोठी प्रत. त्यात बाई, वयाने कितीतरी लहान, पालथ्या पडून रायफल खांद्याला लावलेल्या, आणि बाजूला मुलींची रांग. "अध्यक्ष महाराज, या कोण आहेत हे सभागृहाने ओळखावं. स्वतः मुलींच्या हातात बंदूक द्यायची आणि इथे येऊन बंदी मागायची, याला काय म्हणायचं?" खोलीभर हशा पिकला. मंगेश दारात उभा होता. त्याने मान खाली घातली. फोटो त्यानेच दिला होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. बाईंनी त्याला कधी विचारलं नाही.

बाईंनी हात पुढे करून तो कागद मागितला. चष्मा लावून बघितला. "फोटो चांगला आलाय," म्हणाल्या. "डावं कोपर मात्र चुकलंय."

पुन्हा हशा. तो ओसरेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी त्या माळरानावरची गोष्ट सांगितली. मुलगी वळली कशी, नळी फिरली कशी, आत काय निघालं. ती गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. आवाज चढवला नाही. पत्रकारांनीही लिहायचं थांबवलं होतं.

"मी बंदूक ओळखते," त्या म्हणाल्या. "आमच्या शाळेत ती कुलपात असायची. काढायची तर सही, ठेवायची तर सही. कोणावर रोखायची नाही, हे आधी शिकवायचं आणि मग हातात द्यायची. माझं सैन्याशी भांडण नाही, पोलिसांशी नाही. त्यांनी घ्यायचं ते घ्यावं, त्यांच्या जागेत घ्यावं. पण ज्या हॉलमध्ये आपण मुलींची लग्नं लावतो, तिथे एक पोरगा मला सांगतो की यातून पुढची रांग खाली बसते. त्या पुढच्या रांगेत आपलीच माणसं असतात. आपल्याला मत देणारी. त्यांच्या जागेत, त्यांच्यावर चालवायचं सामान विकायला आपण भाडं घेऊ नये. माझं म्हणणं एवढंच आहे."

मतदान झालं. पक्षाचा आदेश होता, त्यामुळे बाईंच्या पक्षातलं कुणीच त्यांच्या बाजूने नव्हतं. विरोधकांनाही आपापली कारणं होती. ठरावाच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर बाईंचा हात वर गेला, कवायतीत जातो तसा, कानाला चिकटून सरळ. आणखी एकच हात होता. पहिल्यांदा निवडून आलेल्या एका रिक्षावाल्या सदस्याचा. त्याला नंतर पत्रकारांनी गाठलं तेव्हा तो म्हणाला, "मला पटलं, यार. अजून काय कारण पाहिजे?"

ठराव पडला तरी बाईंचा हात वरच होता. अध्यक्ष म्हणाले, "बाई, हात खाली घ्या."

"मोजलात का?"

"मोजला."

मग त्यांनी हात खाली घेतला.

गंमत म्हणजे प्रदर्शन त्यानंतर आमच्याकडे आलंच नाही. पेपरातला गोंधळ कंपनीला नको होता. त्यांनी पुढच्या वर्षी गोरेगावला एक मोठी खासगी जागा धरली. म्हणजे बाई हरल्या आणि हॉल रिकामा झाला. मी अभिनंदन करायला गेले तर त्या वैतागल्या. "कसलं अभिनंदन? आपल्या दारातून उठलं आणि गोरेगावच्या दारात बसलं. आणि शेट्यांचं काम गेलं ते गेलंच." शेट्यांसाठी त्या बऱ्याच ठिकाणी फिरल्या. पुस्तकांचं एक प्रदर्शन हॉलमध्ये आणलंसुद्धा, पण त्याचे स्टॉल म्हणजे नुसती टेबलं. शेट्यांनी ते काम केलं, पैसे घेतले, बोलले नाहीत.

पालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबत गेल्या आणि काही वर्षं वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. लोक सवयीने बाईंकडेच यायचे. बाई सवयीने त्यांना रांगेत उभं करायच्या.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा शेटये दारात येऊन उभे राहिले. चप्पल काढली नाही, आत आले नाहीत. मागे त्यांची मुलगी प्राजक्ता होती. कॉलेज संपलेली, सडपातळ, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"बाईनू, पोरीन पोलीस भरतीचो फॉर्म भरल्यान हा," शेटये जिन्याकडे बघत म्हणाले. "धावाक जमना नाय तिका."

बाईंनी प्राजक्ताकडे पाहिलं. "किती धावल्यावर दम लागतो?"

"एका राउंडमध्येच, बाई."

"उद्या उजाडायच्या आत मैदानात ये. चपला घालून आलीस तर परत पाठवीन."

शेटये "बरां" म्हणून खाली गेले. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर बाई उठल्या, खिडकीशी गेल्या आणि तिथे वाळणारे बूट दाराशी आणून ठेवले. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं होतं.

मी विचारलं, "बाई, एवढं सगळं झालं आणि आता तुम्हीच पोलीस तयार करणार?"

"मराठी, काठी कुणाच्या तरी हातात असणारच आहे ना? मग ती शेट्यांच्या पोरीच्या हातात का नको?"

पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्या दोघी मैदानात होत्या. बाईंनी पासष्टी ओलांडली होती, त्यामुळे त्या धावायच्या नाहीत. मधोमध उभ्या राहून स्वतःभोवती फिरायच्या आणि प्राजक्ता कडेने धावायची. गोळाफेकीला गोळा नव्हता तेव्हा काकांनी पिशवीत वाळू भरून दिली. प्राजक्ता रडायची, बसायची, उद्यापासून येणार नाही म्हणायची, आणि यायची. शेटये सुरुवातीला गेटबाहेर थांबायचे. मग एक दिवस आत आले, मग त्यांनी पाण्याची बाटली धरायला सुरुवात केली. बाईंशी बोलायचे ते फक्त मुलीबद्दल, पण बोलायचे. प्राजक्ता भरतीत निवडली गेली तेव्हा शेट्यांनी आपल्या गोदामातली लाइटिंग काढून अख्ख्या बिल्डिंगवर लावली. बाईंच्या दारावर जास्त.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा वॉर्ड ऑफिसवर मोर्चा निघाला. विषय पाण्याचाच. वरच्या मजल्यांवर पाणी चढत नव्हतं, तेव्हाही आणि आताही. बाई पुढच्या रांगेत होत्या, त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेटये डोक्यावर रिकामी घागर घेऊन. ऑफिसच्या गेटवर पोलिसांनी दोर लावला होता आणि दोरामागे महिला पोलिसांची रांग उभी होती. मागच्या गाडीत ढाली आणि हेल्मेटं ठेवलेली दिसत होती. रांगेत डावीकडून तिसरी प्राजक्ता होती. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, हातात काठी, नजर समोर. शेट्यांनी आधी ओळखलं. त्यांनी घागर खाली घेतली आणि "गो..." एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

मागून रेटा आला. मागच्या लोकांना पुढचं काही दिसत नव्हतं, ते ढकलत होते. आम्ही दोराला जाऊन टेकलो. बाई बरोबर प्राजक्ताच्या समोर होत्या, इतक्या जवळ की त्यांना तिच्या कपाळावरचा घाम दिसत असणार. तिच्या शेजारच्या मुलीने काठी आडवी धरली. प्राजक्ताची काठी मात्र तशीच होती, टोक खाली.

"सकाळपासून पाणी प्यायलीस का?" बाईंनी विचारलं.

प्राजक्ताची नजर हलली नाही. ओठ न हलवता बोलल्यासारखी ती म्हणाली, "बाई, मागे व्हा ना, प्लीज. साहेब बघतायत. ऑर्डर दिली तर मला..." पुढचं बोलली नाही.

इतक्या वर्षांत बाई कुणाच्या सांगण्यावरून मागे सरल्याचं मी पाहिलेलं नाही. मुख्याध्यापक, मंगेश, वरून आलेला फोन, भरलेली समिती, कुणाचंच त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी तिच्या काठीच्या टोकाकडे पाहिलं. मग लोकांकडे तोंड करून वळल्या, दोन्ही हात पसरले आणि मैदानावर यायचा तोच आवाज आला.

"सगळे, दोन पावलं मागे! मागे म्हणजे मागे!"

का, ते कुणी विचारलं नाही. त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखालून गेलेले. पुढची रांग मागे झाली, तिच्या मागची झाली, आणि दोर आणि आमच्यामध्ये रिकामी जागा पडली. प्राजक्ताच्या शेजारच्या मुलीने काठी खाली घेतली. शेटये घागर पोटाशी धरून उभे होते. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

कुणीतरी मागून ओरडलं, "बाई, आता काय, घरी जायचं का?"

"घरी कशाला?" बाई म्हणाल्या. "तिने मागे व्हा सांगितलं, गप्प बसा नाही सांगितलं. आवाज काढा."